डोलकाठी उतरलेली नाव

आजचे वाचन: यशया 33:20-24, 2 राजे 18:13-16



गेले दहा-बारा दिवस इथे काही लिहिले नाही म्हणून दोघा-तिघांनी विचारपूस केली. आजारी नव्हतो, नावेवर होतो! आमचे इथले शेजारी, वय एकाहत्तर, आपली शिडाची नाव टोरांटोजवळून हडसन नदीत न्यायला निघाले होते. दोर धरायला त्यांना माणूस हवा होता. मी नगरचा, पोहायला शिकलो तेसुद्धा विहिरीत. तरी गेलो. घरात बसवत नव्हतं, हे खरं कारण.

ऑंटारियो सरोवर ओलांडून ऑस्वेगोला पोचलो. तिथून पुढे कालवा लागतो. आधी ऑस्वेगो कालवा, मग एरी कालवा, जो पहिल्यांदा 1825 साली खुला झाला. या वाटेवर पूल पुष्कळ, आणि पुलाखाली जागा साधारण 20-21 फूट. आमची डोलकाठी चाळीस फुटांच्या वर. ती उतरवल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. तारा सैल केल्या, क्रेनने काठी उचलली आणि लाकडी घोड्यांवर आडवी बांधली. बत्तीस फुटांची नाव, त्यावर ही काठी दोन्हीकडून सहा-सहा फूट बाहेर! शिडं पोत्यात गेली. आता सगळा भरवसा एका लहानशा डिझेल इंजिनावर. ते बंद पडलं तर शीड उभारायची सोय नाही, म्हणून शेजाऱ्यांनी नांगर पुढे काढून तयार ठेवला होता.

मी आपला अडाण्याच्या खात्रीने म्हणालो, "बरं झालं, वरचं ओझं उतरलं. आता नाव कशी शांत चालेल!" ते नुसते हसले.

कालव्यात काही कळलं नाही. पण वाटेत ओनायडा नावाचं सरोवर आहे, वीसेक मैल लांब आणि उथळ. त्या दिवशी वारा वायव्येचा. लाटा म्हणाल तर गुडघाभर, पण नाव अशी हेलकावायला लागली की विचारू नका. एका बाजूला कलते आणि पुरती कलायच्या आतच झटक्याने परत येते. डोलकाठी उभी असताना ती संथ, मोठ्या झोक्याने डुलत होती. आता चाळणीतल्या दाण्यासारखी गत. सकाळचा चहा मी सरोवराला अर्पण केला.

शेजाऱ्यांनी कारण सांगितलं, आणि मला आमच्या गावच्या बाजारातला डोंबारी आठवला. दोरीवर चालणाऱ्या पोरीच्या हातात लांब बांबू असायचा. लहानपणी वाटायचं, एवढं ओझं कशाला दिलंय बिचारीला? पण त्या लांबलचक ओझ्यामुळेच ती चटकन इकडे-तिकडे झुकत नाही. डोलकाठीचंही तसंच. उंचावर वजन असतं म्हणून नाव सावकाश कलते, सावकाश सावरते. ते काढलं की तळाचं वजन तिला उलटू देत नाही, पण प्रत्येक बारीक लाट तिला हिसका देते.

प्रियांनो, इथे मला माझं सांगायला हवं. माझी आई नऊ वर्षे अंथरुणाला खिळून होती. रात्री दोनला आणि पाचला तिची कूस बदलायची, हे माझं काम. मागच्या पावसाळ्यात ती प्रभूकडे गेली. सगळे म्हणाले, "सुटलात हो आता, मोकळे झालात." पाळकसाहेबसुद्धा म्हणाले. मलाही तसंच वाटलं होतं, खोटं कशाला बोलू? पण त्यानंतर मी जेवढा बारक्यासारक्या गोष्टींनी हललो, तेवढा त्या नऊ वर्षांत कधी हललो नव्हतो. मुलाचा फोन उशिरा आला, हललो. मंडळीत कुणी नीट बोललं नाही, हललो. दोनला जाग येते आणि हातांना काम नसतं.

आजच्या भागात यशया एक नाव दाखवतो. तिचे दोर ढिले, डोलकाठीला आधार नाही, शीड पसरत नाही. काही अभ्यासक म्हणतात ही शत्रूची नाव, काही म्हणतात सीयोनचीच. मी कैक वर्षे पहिलाच अर्थ सांगत आलो. (दुसऱ्याची नाव मोडकी सांगायला बरं वाटतं.) पण 2 राजे 18 उघडून शेजारी ठेवा. सन्हेरीबाला हिज्कीयाने तीनशे किक्कार रुपे आणि तीस किक्कार सोने द्यायचे होते. त्यासाठी त्याने मंदिराच्या दारांचं सोनंसुद्धा काढून दिलं. तरीही अश्शूरचं सैन्य आलंच. हे शहर स्वतःच्या हातांनी उघडं झालेलं आहे. आणि डोंगरावरच्या अशा शहराला, जिथे गीहोनचा झरा आहे पण नदी म्हणावी अशी नदी नाही, संदेष्टा सांगतो की रुंद नद्यांच्या जागी परमेश्वर स्वतः तुमच्यापाशी असेल.

नंतर त्या मोडक्या नावेचं चित्र येतं, आणि त्याच वचनात लंगडे लूट घेऊन जातात. मी हे वचन नावेवर तीनदा वाचलं. डोलकाठी परत उभी केल्याचा उल्लेख मधे कुठे सापडतो का ते बघत होतो. नाही सापडला.

संध्याकाळी सिल्व्हन बीचला नाव बांधली. रात्री दोनला नेहमीप्रमाणे जाग आली. बाहेर येऊन दवाने ओल्या झालेल्या डोलकाठीवर हात ठेवून बसलो, आणि आई गेल्यापासून पहिल्यांदा त्या वेळेला प्रार्थना केली. शब्द फार नव्हते. पाचपर्यंत झोप मात्र आली नाही.

कॅट्सकिलला काठी पुन्हा उभी करतात म्हणे. मी त्याआधीच ऑल्बनीला उतरून बसने घरी आलो.

प्रार्थना: हे प्रभू, ज्यांच्या घरातली खाट नुकतीच रिकामी झाली आहे, त्यांच्याजवळ आज रात्री दोन वाजता राहा. येशूच्या नावात मागतो. आमेन.