पाहुणे पाहायला आलेला म्हातारा

माणगावात सहसा कुणी मुक्काम करत नाही. महामार्गावर चहापुरतं थांबायचं, नाहीतर ताम्हिणी उतरून थेट रायगडाची वाट धरायची. यंदा मात्र घरच्यांच्या हट्टापायी एका छोट्याशा, ऐटदार हॉटेलात दोन रात्री राहिलो. मोजक्या खोल्या, जांभ्याच्या भिंती, उशीवर सोनचाफ्याचं फूल. मागायच्या आधीच सगळं हजर.

तिथे एका रात्री हेन्री ऑक्झिंडेन आठवला. १६७४ च्या मे महिन्यात ईस्ट इंडिया कंपनीचा हा वकील शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकासाठी याच मुलखातून गेला: निजामपूर, गांगवली, मग पाचाड. महाराज प्रतापगडी भवानीच्या दर्शनाला गेले होते, म्हणून रायगडाच्या पायथ्याशी तंबू ठोकून त्याने वाट पाहिली. पुढे गडावर, राजवाड्यापासून मैलभर अंतरावर त्याला घर मिळालं. मुक्काम राजधानीत, पण ताटात डाळ-तांदळाची, तुपातली खिचडी. मांसाची सवय असलेल्या इंग्रजांचं तेवढ्यावर भागेना. त्यांनी बोकडाचं मांस मागितलं. ते येऊ लागलं.

पुढची गंमत डॉक्टर जॉन फ्रायरच्या १६९८ साली छापलेल्या प्रवासवर्णनात आहे. हे मांस पुरवणारा खाटीक चांगलाच म्हातारा होता. मागच्या काही वर्षांत त्याच्याकडचं जेवढं मांस खपलं नव्हतं, तेवढं या पाहुण्यांनी थोड्या दिवसांत संपवलं. असे हे आहेत तरी कोण, म्हणून तो गडाची उभी चढण चढून त्यांना पाहायला आला!

राज्याभिषेकाचा थाट मी अनेकदा वाचलाय. पण त्या गर्दीतून मनात राहिला तो धापा टाकत वर आलेला हा म्हातारा. मांस पोचवलं, पैसे घेतले, तिथे त्याचा संबंध संपत होता. त्याला तेवढं पुरलं नाही. आपण पुरवलेलं कोणाच्या पोटात जातं, ते त्याला डोळ्यांनी बघायचं होतं.

आणि मी? दोन दिवस कुणीतरी माझी चादर ताणून बसवत होतं, पाण्याचा तांब्या भरून ठेवत होतं. त्यातला एकही चेहरा मला सांगता आला नसता. आजकाल चांगली सेवा म्हणतात तीच मुळी ही: काम दिसावं, करणारा दिसू नये.

सकाळी नाश्त्याला घावनं आली. जाळीदार, मऊ. उठलो आणि स्वयंपाकघराचं दार ढकललं. चढण कसली, दहा पावलं. तव्यापाशी एक बाई उभ्या होत्या.

"मावशी, घावनं तुम्ही केलीत?"

त्यांचा हात थबकला. "का हो, मीठ कमी पडलं का?"

पाहुणा आत आला म्हणजे तक्रारच असणार, एवढाच त्यांचा अनुभव.

"नाही," म्हटलं, "तुम्हाला बघायला आलो."

त्या हसायला लागल्या. तव्यावरचं घावन तेवढ्यात जरा जास्तच भाजलं. तेही मीच खाल्लं.