कणकेवरील पाऊल

अन्नाला पाय लागला तर त्याला हात लावून तो कपाळी न्यावा, हा संस्कार आपणांपैकी बहुतेकांवर अक्षरओळखीच्याही आधी झालेला असतो. म्हणूनच जपानातील शिकोकू बेटावर, कोतोहिरा या तीर्थक्षेत्री, 'उदोन' नावाच्या जाड शेवया हाताने करण्यास शिकत असता शिकविणाऱ्या वृद्ध गृहस्थांनी कणकेवर उभे राहण्यास सांगितले, तेव्हा आमचे पाऊल उचलेना.

हा कागावा प्रांत. जुने नाव सानुकी. येथील कोंपिरा या देवतेचे नाव संस्कृत 'कुंभीर' म्हणजे मगर या शब्दावरून आले आहे. याच प्रांतात जन्मलेले आणि 804 साली चीनला गेलेले बौद्ध आचार्य कूकाइ यांनी ही विद्या आणली, अशी लोकश्रुती आहे.

साहित्य तीनच: गव्हाचे पीठ, मीठ व पाणी. जुन्या सूत्राप्रमाणे एक भाग मिठास उन्हाळ्यात तीन भाग पाणी, तर हिवाळ्यात सहा. उष्म्याने कणीक सैल पडते. मीठ तिला आवळते. हेतू एकच राहावा म्हणून प्रमाण बदलते, हे वकिलीत वीस वर्षे घालविलेल्या आम्हांस विशेष भावले. पाणी बेताचे असल्याने कणीक इतकी घट्ट होते की हाताचे बळ अपुरे पडते; म्हणून ती स्वच्छ आवरणात गुंडाळून टाचांनी तुडवायची, घडी घालून पुन्हा तुडवायची, मग मुरू द्यायची.

अन्नाचा अवमान अवयवाने होतो की वृत्तीने? गोरोबाकाकांच्या पायांखालील चिखलास आपण अपवित्र म्हणत नाही. उलट, ज्या हातांनी आपण अन्नास वंदन करतो, त्याच हातांनी मंगलकार्यात अर्धी भरलेली ताटे उकिरड्यावर रिती करतो.

तथापि, हेतू शुद्ध असला की आचार कसाही चालेल, हा युक्तिवादही आम्हांस मान्य नाही. शुद्ध हेतूचा दावा प्रत्येक आरोपी करतो. त्या वृद्ध गृहस्थांचाही आचार कडक होता: पादत्राणे बाहेर, आवरण धुतलेले, आणि कणकेचा कणही वाया न घालविण्याची दक्षता. आदराला आचार हवाच. मात्र तो सर्वत्र एकच असेल असे नाही. हे पटल्यावर आम्ही पाऊल ठेवले.

घरी परतल्यावर मातोश्रींनी विचारले, "अन्नाला पाय लावलास?" आम्ही होकार दिला व कारणे सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकली, आणि म्हणाल्या, "इथे मात्र मी हातानेच मळीन." आम्ही प्रतिवाद केला नाही. शेवया थोड्या मऊ झाल्या. जेथे ज्या ऋतूत राहावे, तेथील प्रमाणाने मीठ घालावे, एवढे तरी आम्ही सानुकीत शिकलो होतो.