‘सहन कर’ हे कुणाला सांगायचं?



आजचा श्लोक : गीता, अध्याय २, श्लोक १४. भगवंत अर्जुनाला सांगतात, थंडी-ऊन, सुख-दुःख ही येतात आणि जातात, कायमची राहत नाहीत; तेव्हा तू ती सोस. या सोसण्याला तितिक्षा म्हणतात.

हा श्लोक मी एकदा चुकीच्या जागी वापरला होता. आज तेच सांगतो.

३ जून २०२०. निसर्ग चक्रीवादळ दुपारी अलिबागच्या दक्षिणेला रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. वारा ताशी १०० ते ११० किलोमीटर. मुरुड, श्रीवर्धन, म्हसळा भागात कौलं-पत्रे उडाले, विजेचे खांब आडवे झाले. श्रीवर्धनकडे माझ्या आत्याची सुपारीची वाडी आहे. आम्ही ठाण्यात, लॉकडाऊनमध्ये अडकलेलो. फोन लागेना.

आठवड्याने तिचाच फोन आला. कुणाच्या तरी गाडीवर बसून रेंज मिळेल तिथपर्यंत आली होती. म्हणाली, “वाडी झोपली रे.”

मी तेव्हा नुकताच गीता वाचायला लागलो होतो. ऐटीत म्हणालो, “आत्या, हे सगळं येतं-जातं. सहन करायचं.”

ती क्षणभर गप्प. मग म्हणाली, “सोसत्येच आहे बाळा. तुला जमलं तर ये. ओंडके उचलायला माणूस मिळत नाही.”

ई-पास काढून गेलो. सुपारीची झाडं मधोमध मोडलेली, नारळ मुळासकट आडवे. फळबागांना सरकारी मदत हेक्टरी ५० हजार रुपये ठरली होती. पण तिथल्या वाड्या गुंठ्यांत मोजतात. गुंठ्याला साधारण ५०० रुपये! आणि सुपारी आज लावली तर फळ धरायला ५-६ वर्षं. आत्या तेव्हा ६८ वर्षांची होती.

तिथे मला आणखी एक श्लोक समजला. अध्याय ६, श्लोक ३२. भगवंत म्हणतात, जो दुसऱ्याचं सुख आणि दुःख स्वतःच्याच सुखदुःखासारखं पाहतो, तो श्रेष्ठ योगी.

दोन्ही श्लोक एकाच गीतेतले, पण त्यांच्या जागा वेगळ्या. स्वतःवर संकट आलं की दुसऱ्या अध्यायाकडे जायचं. दुसऱ्यावर आलं की सहाव्या. आपण बरोबर उलटं करतो. आपलं वायफाय तासभर गेलं की चिडचिड, आणि ज्याचं छप्पर उडालं त्याला वैराग्याचा उपदेश! अर्जुनाला “सोस” म्हणणारे भगवंतसुद्धा लांबून बोलत नव्हते. ते त्याच रणात, त्याच्याच रथावर, हातात लगाम धरून बसले होते. उपदेश करायचा तर आधी इतकं जवळ जावं लागतं.

मी चार दिवस ओंडके ओढले. हाताला फोड आले. एकही श्लोक सांगितला नाही. निघताना पाहिलं, तर आत्या मोकळ्या झालेल्या जागेत सुपारीची रोपं लावत होती. फळ कधी येईल, मी विचारलं नाही. तितिक्षा म्हणजे काय, ते मला तिने दाखवलं, तेही गीतेचं नाव न घेता.

आजची साधना छोटीच आहे. अडचणीत असलेल्या एका माणसाला फोन करा. “होईल सगळं नीट” म्हणू नका. “मी काय करू?” एवढंच विचारा, आणि ते सांगतील ते करा.

भगवंता, माझं दुःख सोसायचं बळ दे. आणि दुसऱ्याचं दुःख मला सहज सोसवू नको.

राम कृष्ण हरी!