नावापुढची अक्षरं

एखाद्या कॉस्मेटिक क्लिनिकची वेबसाइट उघडा. पांढरा कोट, हसरा चेहरा आणि नावापुढे पदव्यांची आगगाडी. एमबीबीएस, मग कसलीशी फेलोशिप, मग परदेशातलं एखादं शहर, शेवटी कुठल्याशा संघटनेचं सभासदत्व. यातलं बहुतेक वेळा काहीच खोटं नसतं, म्हणून तर कुणाला पकडता येत नाही. फेलोशिप पंधरा दिवसांची की दोन वर्षांची, हे तेवढं लिहायचं राहून जातं.

मूतखडा झाला तर आपण शेजाऱ्यांना, मेहुण्याला, केमिस्टला विचारतो. डॉक्टर कसा आहे ते दोन दिवसांत कळतं. पण लग्नाआधी टक्कल झाकायचं असलेला मुलगा, बाळंतपणानंतर सुटलेलं पोट खुपणारी बाई कुणाला विचारणार? लाजेपायी सगळं गुपचूप चालतं. रात्री मोबाइलवर जे दिसेल तेवढाच आधार. तिथे मोघम लिहिणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं.

आपल्याकडे प्लास्टिक सर्जन व्हायचं तर साधारणपणे एमबीबीएसनंतर तीन वर्षं एमएस आणि पुढे आणखी तीन वर्षं एमसीएच. भाजलेल्या अंगावर कातडी बसवत, दुभंगलेले ओठ शिवत, यंत्रात सापडलेली बोटं वाचवत तो हात तयार होतो. त्वचारोगतज्ज्ञाचं शिक्षण वेगळं, पण तेही वर्षांचंच. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२च्या आचारसंहितेत साफ म्हटलंय की त्या शाखेची पात्रता नसताना डॉक्टरने स्वतःला तज्ज्ञ म्हणवू नये. दवाखान्यात, चिठ्ठीवर, पावतीवर नोंदणी क्रमांक हवा, हेही त्यातच आहे. वेबसाइटवर तो शोधून पाहा. ‘बिफोर-आफ्टर’चे फोटो आधी सापडतील. (‘आफ्टर’मध्ये उजेडही जरा जास्तच असतो.)

ऑस्ट्रेलियात कुणीही डॉक्टर ‘कॉस्मेटिक सर्जन’ म्हणून मिरवू शकत असे. बरेच रुग्ण पोळल्यावर २०२३मध्ये ‘सर्जन’ ही उपाधीच कायद्याने राखीव झाली. आपल्या राष्ट्रीय वैद्यक आयोगालाही २०२२मध्ये सांगावं लागलं की कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहून केशरोपण सुरू करता येत नाही.

हे सांगावं लागलं, यातच सगळं आलं. मात्र अशा झटपट शिबिरांत शिकवायला रीतसर शिकलेले डॉक्टरही जातात. मानधन घेतात, प्रमाणपत्रांवर सह्या करतात. पुढे तीच प्रमाणपत्रं वेबसाइटवर झळकतात, तेव्हा ‘हल्ली कुणीही सर्जन होतो’ अशी कुरकुर करण्यातही तेच पुढे असतात.