ऊन सोसावं की थंडी? तितिक्षेविषयी थोडं

श्रीदत्तजयंती येते ती मार्गशीर्ष पौर्णिमेला, म्हणजे ऐन थंडीत. पहाटे काकडआरतीला निघायचं म्हटलं की आमच्या वयाच्या मंडळींची कानटोपी, मफलर, शाल यांची शोधाशोध सुरू होते. आरती झाली की देवळाच्या पारावर उन्हं खात बसायचं आणि मग दरवर्षी ठरलेला विषय निघतो. एकजण म्हणतो, "यापेक्षा उन्हाळा परवडला हो." दुसरा लगेच म्हणतो, "वैशाखात सांगा बघू हेच!" गंमत अशी, की वैशाखात हीच मंडळी "थंडी परवडली" असं म्हणत असतात. जे दुःख आत्ता अंगावर आहे तेच सगळ्यांत मोठं वाटतं आणि मागचं दुःख शरीर विसरून जातं. ही देवाची कृपाच म्हणायची.

तरी प्रश्न पोरकट नाही. नोकरीतल्या बदल्यांमुळे मी नऊ वर्षं नागपुरात काढली आणि चार वर्षं नाशिक जिल्ह्यात निफाडकडे. तेव्हा दोन्ही टोकं अंगावर घेतलेली आहेत. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जाणं ही नवलाई नाही. दुपारी बाराला रस्ते ओस पडतात, खिडकीचे गज हाताला चटका देतात, रात्री अकराला गच्चीवर पाणी मारलं तरी फरशी गरमच. निफाडला याच्या अगदी उलट. पौष महिन्यात पारा पाच अंशांच्या खाली उतरतो. द्राक्षबागाईतदार मणी तडकू नयेत म्हणून पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, ठिबक चालू करतात. तिथल्या पहाटे बोटं इतकी बधिर व्हायची की सदऱ्याचं बटण लावायला पाच मिनिटं लागत.

आता ऊन जड की थंडी? दोन्ही बाजू नीट मांडून पाहू.

उन्हाच्या बाजूनं बोलणारे म्हणतात, थंडी वाजली तर एकावर एक कपडे चढवता येतात, गोधडी आहे, शेकोटी आहे. उकडलं तर काढून काढून काढणार काय? कातडी तर उतरवता येत नाही. यात तथ्य आहे. आपल्या शरीराची ऊब ३७ अंशांच्या आसपास राहावी लागते. बाहेरची हवा त्याहून तापली की अंगातली उष्णता बाहेर जायला एकच वाट उरते, ती म्हणजे घाम वाळण्याची. कोकणपट्टीत हवाच दमट, घाम वाळतच नाही; म्हणून तिथले ३६ अंशसुद्धा जीव नकोसा करतात. त्यात म्हातारपणी तहान कमी लागते आणि घामही कमी येतो. शरीर आतून सुकत असतं आणि आपण म्हणतो, "छे, मला कुठे तहान लागलीय!"

थंडीच्या बाजूनं बोलणारेही कमी नाहीत. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो, हृदयावर ताण येतो. दमेकऱ्याची छाती भरते, संधिवाताचे गुडघे बोलू लागतात. २०१५ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. १३ देशांतल्या सुमारे ७ कोटी ४० लाख मृत्यूंचा हिशेब त्यात मांडला होता. त्यातले सुमारे ७.३ टक्के मृत्यू थंडीशी जोडलेले निघाले आणि उष्णतेशी जोडलेले अर्धा टक्कासुद्धा नाहीत. आपला देश त्या तेरांत नव्हता, तेव्हा आकडे जसेच्या तसे आपल्याला लावता येणार नाहीत. पण त्यातली एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. थंडीचे बहुतेक बळी कडाक्याच्या हिमवर्षावात गेलेले नव्हते. साध्या, रोजच्या, मध्यम गारठ्यात गेले होते. ऊन माणसाला रस्त्यात पाडतं, ते सगळ्यांना दिसतं. थंडी मात्र घरात, अंथरुणात, आवाज न करता काम करते.

मग थंडीच जड म्हणावी काय? थांबा. २००३ सालच्या ऑगस्टमध्ये युरोपात उष्णतेची मोठी लाट आली. सगळ्या युरोपात मिळून सत्तर हजारांच्या आसपास माणसं गेली, एकट्या फ्रान्समध्ये सुमारे पंधरा हजार. त्यांत बहुतांश वृद्ध होते, आणि पुष्कळजण एकटे राहणारे. श्रीमंत देश, चांगले दवाखाने, पण दिवस सुटीचे. कुणाची मुलं गावाला गेलेली, कुणाचे शेजारी समुद्रावर. दार वाजवून "आजी, पाणी प्यायलात का?" एवढं विचारणारं कुणी नव्हतं. हे वाचल्यापासून पारावरचा आमचा वाद मला निराळा दिसू लागला. पारा किती चढला आणि किती उतरला यावर सगळं ठरत नाही. त्या माणसाजवळ काय आहे आणि कोण आहे, यावर फार काही ठरतं.

इथे कुणी भाविक म्हणेल, "अहो, आपलं शास्त्र तर सांगतं की शीत-उष्ण, सुख-दुःख ही येणारी-जाणारी आहेत, ती सोसावीत." खरं आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात भगवंतांनी अर्जुनाला हे सांगितलं आहे. यालाच तितिक्षा म्हणतात. कुरकुर न करता, सूड न धरता, चित्त ढळू न देता सोसणं. साधकाच्या अंगी ती हवीच. टेंबे स्वामी महाराजांनी हिंदुस्थानभर पायी भ्रमण केलं, तेव्हा का त्यांच्यासाठी ऊन-थंडी थांबली होती? त्यांच्या चालण्यापुढे आपली शाल-मफलरची तक्रार सांगायलाही लाज वाटावी.

पण त्या उपदेशात एक गोष्ट आपण नजरेआड करतो. भगवंतांनी 'सोस' म्हटलं ते अर्जुनाला, त्याच्या स्वतःच्या दुःखाविषयी. दुसऱ्याचं दुःख पाहून 'त्याला सोसू दे' असं म्हणायला शिकवलेलं नाही. आपण मात्र सोयीनं हा उपदेश फिरवतो. स्वतःला पंखा, आणि वॉचमनला तितिक्षा! घरची मोलकरीण डिसेंबरात गार पाण्यानं भांडी घासते तेव्हा "त्यांना सवय असते" असं म्हणतो. सवय कुणाला असते? हाताच्या भेगांना सवय होत नाही, फक्त बोलण्याची होत नाही.

१६ एप्रिल २०२३ चा दिवस आठवा. खारघरच्या मोकळ्या मैदानात भर उन्हात लाखो श्रद्धावान माणसं तासन्‌तास बसली होती आणि उष्माघातानं चौदाजणांचा जीव गेला. कुणाला दोष देण्याची ही जागा नव्हे. पण आपण जे उत्सव, सप्ताह, पालख्या, भंडारे करतो, त्यांनी त्यापासून एक धडा घ्यायलाच हवा. भक्ताची सहनशक्ती ही त्याची स्वतःची ठेव आहे; ती गृहीत धरून मंडप आखायचा नसतो.

"मग तप कुठे राहिलं?" असा प्रश्न येईल. अनवाणी गाणगापूरला चालत जाणारा, पहाटे संगमावर गार पाण्यात उतरणारा, चूक करतो का? मुळीच नाही. एकादशीला न जेवणं हा उपवास, आणि घरात दाणा नाही म्हणून न जेवणं ही उपासमार. पोट दोन्हींत रिकामंच; पण एकात आपण स्वतः ठरवलेलं असतं आणि उद्या द्वादशी आहे हे ठाऊक असतं. थंडी-उन्हाचंही तेच. मी स्वतः पत्करलेलं, मला थांबवता येणारं कष्ट म्हणजे तप. दुसऱ्यावर लादलेलं कष्ट, त्याला कितीही गोड नाव दिलं तरी, तप होत नाही.

आपल्या दत्तसंप्रदायात याचं उत्तर फार सुंदर रीतीनं आलेलं आहे. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूतांनी यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले. पहिला गुरू पृथ्वी. तिच्यापासून काय शिकलो, तर सोसणं. लोक तिला खणतात, तुडवतात, पण ती आपला मार्ग सोडत नाही. पण अवधूत तिथेच थांबत नाहीत. त्याच पृथ्वीवरच्या पर्वतापासून आणि वृक्षापासून ते दुसरा धडा घेतात : आपलं असणं दुसऱ्यासाठी असावं. गुरू एकच, धडे दोन. झाड स्वतः ऊन खातं आणि खाली सावली धरतं. पहिला धडा घेऊन दुसरा सोडला तर माणूस नुसता कठीण होतो. दुसरा घेऊन पहिला सोडला तर चार दिवसांत सेवेचा कंटाळा येतो.

सावलीवरून औदुंबर आठवला. गुरुचरित्रात त्याची कथा आपण सगळ्यांनीच वाचली आहे. हिरण्यकश्यपूला विदारल्यावर त्याच्या पोटातल्या विषानं नृसिंहाच्या नखांचा दाह होऊ लागला. तेव्हा लक्ष्मीनं काय केलं? "आपण तर साक्षात नारायण, आपल्याला कसला दाह!" असं म्हणून ती बसून राहिली नाही. औदुंबराची फळं आणून पुढे केली, नखं त्यांत रोवली, दाह शमला. प्रत्यक्ष भगवंताचा दाहसुद्धा शमवायचा असतो, हे सांगणारी ही कथा आहे. ज्या झाडाखाली आपण प्रदक्षिणा घालतो त्या झाडाचं थोरपणच मुळी कुणाचा तरी ताप निववल्यामुळे आहे.

पंढरपुरात पाडव्यापासून मृग नक्षत्रापर्यंत विठुरायाला चंदनाची उटी लावतात. थंडी आली की रजई, शाल, कानपट्टी. देवाला ऊन-थंडी बाधते का, हा पंडितांचा वाद राहू द्या. ज्या कुणी ही रीत घातली त्यानं आपल्याला एक वळण लावलं. ऋतू बदलला की आधी दुसऱ्याच्या अंगाचा विचार करायचा.

म्हणून पारावरच्या प्रश्नाला माझं उत्तर असं आहे : ज्याच्याजवळ पांघरूण नाही त्याला थंडी जड, ज्याच्याजवळ सावली नाही त्याला ऊन जड, आणि ज्याच्याजवळ माणूस नाही त्याला दोन्ही जड.

यातून करायचं काय? नृसिंहवाडीला जाताना वाटेत दुतर्फा उसाचे फड लागतात. दत्तजयंतीच्या दिवसांत गळीत हंगाम ऐन भरात असतो. बीडकडून आणि मराठवाड्यातून आलेली ऊसतोड कुटुंबं उघड्या रानात कोप्या घालून राहतात, पहाटेच्या दवात फडात उतरतात. लहान लेकरं पाचटावर झोपलेली असतात. घरातली एक चांगली चादर, एखादा स्वेटर तिथे पोचला तर पादुकांवर शाल घातल्यासारखंच आहे. फाटकं नको, आपण स्वतः पांघरू असं द्यावं. आणि वैशाखात दारापुढे एक माठ, त्यावर झाकण, एक ओगराळं. कुरिअरवाला, भाजीवाली, रस्त्यावर डांबर टाकणारा, कुणीही प्यावं.

शेवटचं, आपल्याच वयाच्या मंडळींसाठी. आपल्यातले पुष्कळजण "आम्हांला काही होत नाही" म्हणून मे महिन्यात बिल वाचवायला पंखा बंद करून बसतात, डिसेंबरात पहाटे अंगणात गार पाण्यानं अंघोळ करतात, आणि याला तितिक्षा म्हणतात. त्यात पुष्कळ वेळा अभिमानच असतो. आपण आजारी पडलो की धावपळ मुला-सुनांचीच होते. नृसिंहानं लक्ष्मीच्या हातची फळं नाकारली नाहीत. सुनेनं आणून दिलेला पाण्याचा तांब्या, नातवानं पायांवर टाकलेली वाकळ आपणही नाकारू नये. सोसायला शिकलो तसं थोडं घ्यायलाही शिकू या.

अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त.