शिपायाच्या वारसाचं देणं

नेपोलियन तिसऱ्याने 1857 साली एका फर्मानाने पश्चिम आफ्रिकेतली पलटण उभारली. नाव ‘सेनेगाली तिरायर’. शिपाई मात्र पुढे माली, गिनी, बुर्किना फासो, आयव्हरी कोस्ट इथूनही आले. आज त्यांचे नातू-पणतू त्यांचा माग काढतात. पहिल्या महायुद्धात फ्रान्ससाठी मेलेल्यांची 13 लाखांहून अधिक कार्डं तिथल्या संरक्षण मंत्रालयाने ऑनलाइन खुली केली आहेत. जिवंत परतलेल्यांच्या नोकरीचे कागद शोधायचे तर फ्रान्समधल्या पो शहरातल्या लष्करी दफ्तरखान्याला अर्ज करावा लागतो. नाव कारकुनाच्या कानी पडलं तसं लिहिलेलं आणि जन्मसाल अंदाजाने टाकलेलं असलं की शोध तिथेच अडखळतो.

पण खरा पेच कागद हाती आल्यावर सुरू होतो. आजोबांनी सोसलेलं आणि आजोबांनी केलेलं, यातलं नातवाकडे काय येतं?

थियारोयचं उदाहरण घ्या. डाकारजवळच्या या छावणीत जर्मनांच्या कैदेतून सुटलेले तिरायर थकलेला पगार मागत होते. 1 डिसेंबर 1944 च्या सकाळी फ्रेंच अधिकाऱ्यांच्या हुकमावरून त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. सैन्याने मृतांचा आकडा 35 सांगितला. अनेक इतिहासकारांना तो मान्य नाही. हे हत्याकांड होतं, असं फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष मॅक्रॉन यांनी लेखी कबूल केलं ते 2024 साली. या कथेत नातवाचं मन सहज मृतांच्या बाजूला उभं राहतं. मात्र त्या सकाळी छावणीला वेढा घालणाऱ्या फौजेतही तिरायरांच्या तुकड्या होत्या.

मादागास्करमध्ये तर आडोसाच उरत नाही. 29 मार्च 1947 ला तिथे फ्रेंच सत्तेविरुद्ध उठाव झाला आणि तो चिरडणाऱ्या सैन्यात सेनेगाली तिरायर होते. त्यांच्यातले कित्येक जण सक्तीने भरती झालेले, स्वतःच गुलाम देशाचे. म्हणून त्यांनी जाळलेल्या झोपड्या कमी जळाल्या नाहीत.

मग हा दोष नातवाकडे येतो का? सेनेगलमध्ये बहुसंख्य लोक मुसलमान आहेत. एका जिवाचं ओझं दुसरा जीव वाहत नाही, ही कुराणाची शिकवण तिथल्या नातवाला ठाऊक असते. बापाचं पाप मुलावर येत नाही, असं बायबलमधला यहेज्केल संदेष्टाही सांगतो. म्हणजे नातू निर्दोष. पण त्याच इस्लामी धर्मशास्त्रात वारशाचा दुसरा नियम आहे: दफनाचा खर्च आणि मृताचं कर्ज आधी फेडायचं, मगच उरलेल्याची वाटणी. पाप वारसाकडे येत नाही. देणं मात्र मालमत्तेबरोबर येतं.

या प्रश्नाची किल्ली इथेच आहे. पदक, पेन्शन, फ्रेंच पासपोर्ट, ‘आमचे आजोबा लढले’ हा अभिमान, ही सगळी मालमत्ताच. ती घेणाऱ्याने तिच्यावरचं देणं नाकारणं हा धर्म नव्हे. शरमेने मान खाली घालून ते फिटत नाही. आजोबा कुठे होते आणि तिथे काय घडलं, हे पूर्ण सांगणं हा त्याचा पहिला हप्ता आहे.

हाच हिशेब फ्रान्सलाही लागू होतो, आणि तिथे रक्कम कितीतरी मोठी आहे. व्यक्तीचा अपराध वेगळा आणि राज्याच्या कृत्यांची नागरिकांवर येणारी राजकीय जबाबदारी वेगळी, असं तत्त्वज्ञ कार्ल यास्पर्स यांनी 1946 मध्ये जर्मनांना बजावलं होतं. फ्रान्सने विजयाचा वारसा घेतला आणि 1959 च्या कायद्याने स्वतंत्र होणाऱ्या वसाहतींतल्या जुन्या सैनिकांचं पेन्शन गोठवलं. ही गोठवण पुढे चालवणाऱ्या नंतरच्या कायद्यांतल्या तरतुदी फ्रान्सच्या घटना परिषदेने 28 मे 2010 रोजी रद्द केल्या, तोवर कितीतरी म्हातारे त्या गोठलेल्या पेन्शनवरच मेले होते.

सेनेगल आता 1 डिसेंबरला ‘तिरायर दिन’ पाळतं, मादागास्कर 29 मार्चला उठावातल्या मृतांचं स्मरण करतं. आजोबांची फाइल मागवणाऱ्याने त्यांची पलटण 1944 च्या डिसेंबरात आणि 1947 च्या मार्चनंतर कुठे होती, तेही त्याच अर्जात विचारावं. आणि मिळालेलं उत्तर घरातल्या पोरांना जसंच्या तसं वाचून दाखवावं.