जीर्ण यंत्र आणि गृहस्थधर्म

जुनें झालेलें यंत्र दुरुस्त करून वापरावें कीं टाकून देऊन नवें घ्यावें, हा प्रश्न सामान्यतः जमाखर्चाचा समजला जातो. दुरुस्तीस किती पडतील, नव्यास किती पडतील व विजेच्या बिलांत किती वांचतील, एवढें मांडलें कीं व्यवहारचतुर गृहस्थाचें समाधान होतें. छत्री किंवा घड्याळ यांपुरती ही रीत पुरेशी असेलहि. परंतु घरांतील वातानुकूलन यंत्राच्या बाबतींत ती अपुरी आहे, असें आमचें मत आहे. कारण येथें सुखाचा भोक्ता एक असतो आणि दोषाचा भोक्ता बहुधा दुसराच असतो.

हें यंत्र थंडी उत्पन्न करीत नाहीं. तें खोलींतील उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकतें, आणि या हमालीसाठीं घेतलेली वीजहि अखेर उष्णताच होऊन बाहेर पडते. तीन भाग उष्णता काढण्यास एक भाग वीज लागत असेल, तर बाहेर चार भाग उष्णता जाते. जाळ्या धुळीनें भरल्या म्हणजे तेवढ्याच गारव्यास वीज अधिक लागते. आंत बसलेल्यास हा फरक फारसा जाणवत नाहीं; तो बाहेरच्या बोळांतून जाणाऱ्यास व जेथें वीज निर्माण होते तेथील रहिवाशांस भोगावा लागतो. महाराष्ट्राच्या विजेचा मोठा वांटा कोळशावर चालणाऱ्या केंद्रांतून येतो, आणि त्यांतील एक प्रमुख केंद्र ज्या चंद्रपुरास आहे, तेथेंच उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांवर जातो, हें विसरून चालणार नाहीं.

आमच्या मीमांसकांनीं कर्माचे नित्य, नैमित्तिक असे भेद केले आहेत. नित्यकर्म केल्यानें विशेष फळ पदरांत पडत नाहीं. न केल्यास मात्र दोष लागतो. पंधरवड्यास जाळी धुणें, बाहेरच्या भागापुढील अडगळ काढणें, निथळणारें पाणी खालच्या बिऱ्हाडाच्या खिडकींत पडूं न देणें, हीं कामें याच जातीचीं आहेत. त्यांबद्दल कोणी शाबासकी देत नाहीं, म्हणूनच तीं राहून जातात.

दुरुस्ती हें नैमित्तिक कर्म. आणि तेथें प्रश्न सत्याचा येतो. यंत्रांतील वायु हा तेलासारखा जळून संपत नाहीं. तो बंद नळ्यांतून फिरत असतो. कमी झाला तर कोठें तरी गळती आहे, एवढाच त्याचा अर्थ. तथापि दर चैत्रांत ‘गॅस भरून घेण्याची’ चाल कित्येक घरांत रूढ झाली आहे. गळती शोधणें, सांधा झाळणें, नायट्रोजनच्या दाबानें तो तपासणें, नळ्यांतील हवा पंपानें काढणें आणि मग वायु वजन करून भरणें, यास अर्धा दिवस लागतो; नुसता भरण्यास अर्धा तास पुरतो. कारागीर अर्ध्या तासाचें काम करतो, कारण मालकाला तेवढ्याचेंच मोल द्यावयाचें असतें. तोच कारागीर चौथ्या मजल्याच्या सज्जावर कमरेस पट्टा न बांधतां उभा असतो. ती स्वस्ताई कोणाच्या जिवावर झाली, हें विचारण्याची आपल्याकडे रीत नाहीं.

गळालेला वायु हवेंत विरून निरुपद्रवी होत नाहीं. अशा कृत्रिम वायूंपैकीं कांहींपासून पृथ्वीच्या ओझोन कवचास धोका असल्याचें मोलिना व रोलंड यांनीं १९७४ सालीं दाखविलें, आणि १९८७ सालीं मॉन्ट्रियलचा करार झाला. जुन्या यंत्रांतील आर-२२ हा वायु त्या कवचास अपाय करतोच, शिवाय उष्णता अडविण्यांत तो शंभर वर्षांच्या हिशेबानें कार्बन डायऑक्साइडच्या सुमारें १,८०० पट समर्थ आहे. म्हणजे एक किलो गळूं देणें हें जवळजवळ पावणेदोन टन धूर सोडण्यासारखें आहे. नंतर आलेले कित्येक वायु ओझोनला अपाय करीत नाहींत, पण उष्णता अडवितातच. म्हणून २०१६ सालीं किगाली येथें त्यांनाहि मर्यादा घालण्याचें ठरलें व भारतानें २०२१ सालीं त्यास मान्यता दिली.

यावरून निर्णयाची दिशा मिळते. नळ्या शाबूत असून केवळ पंखा बिघडला असेल, किंवा कांहीं शे रुपयांचा कपॅसिटर गेला असेल, तर नव्याच्या हौसेनें धडकें यंत्र टाकणें ही उधळपट्टी होय. उलट खाऱ्या हवेनें नळ्या जागजागीं खाल्ल्या असतां ‘जुनें तें सोनें’ म्हणत दरवर्षीं वायु भरणें ही काटकसर नव्हे; ती दुसऱ्याच्या खर्चानें केलेली बचत होय.

कोणी म्हणतील, हें यंत्रच नको; पूर्वजांचे दिवस वाळ्याच्या पडद्यांवर गेले. हा वैराग्याचा उपदेश धडधाकट माणसानें स्वतःस खुशाल करावा. ज्या घरांत ऐंशी वर्षांची माउली वा तान्हें मूल वैशाखाच्या झळांत तळमळत आहे, तेथें गारवा हा चैनीचा विषय राहत नाहीं. म्हणून आमचा आक्षेप भोगावर नसून भोगाची बाकी दुसऱ्याच्या नांवें लिहिण्यावर आहे.

ही बाकी सर्वांत अधिक लिहिली जाते ती यंत्राच्या अखेरीस. भंगारवाला तांब्यासाठीं नळी तोडतो आणि उरलासुरला वायु क्षणांत निघून जातो. कित्येक सज्जन गळकें यंत्र गरीब नातलगास देऊन दानाचें समाधान मानतात. त्याबरोबर विजेचें वाढतें बिलहि दिलें जातें, हें त्यांच्या ध्यानांत येत नाहीं. भाकड गाई दान देणाऱ्या बापाकडे पाहून नचिकेत्याचें मन अस्वस्थ झालें, ही कथा आपण मुलांस सांगतों. ती आपल्यालाहि लागू आहे.

यंत्र जुनें होणें हा कोणाचा अपराध नव्हे. परंतु तें उतरवितांना आंतील वायु नळकांड्यांत काढून घेणारा कारागीर बोलवावा, त्याची मजुरी आनंदानें द्यावी, आणि मगच तें घराबाहेर काढावें. ज्यानें दहा-पंधरा उन्हाळे त्याचा गारवा घेतला, त्यानें त्याच्या शेवटच्या तासाची खटपट परक्यावर टाकूं नये, एवढेंच आमचें म्हणणें आहे.